नाव वेलिंग्टनचे, लढाई असईची

मुलांनो, ब्रॅकनेलच्या आसपास 'वेलिंग्टन' हे नाव किती ठिकाणी दिसते ते तुम्ही कधी मोजले आहे का? क्रोथॉर्नला वेलिंग्टन कॉलेज आहे. रिझलीजवळ वेलिंग्टन कंट्री पार्क आहे. सुट्टीत तुमच्यापैकी पुष्कळ जण तिथे गेले असतील. क्रोथॉर्नहून फिंचॅम्पस्टेडकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंचच उंच वेलिंग्टोनिया झाडे उभी आहेत. चिखलात खेळताना तुम्ही पायांत घालता त्या 'वेलीज'सुद्धा वेलिंग्टनच्याच! आणि ब्रॅकनेलहून लंडनला जाणारी गाडी ज्या वॉटर्लू स्टेशनात थांबते, ते नावही त्याच माणसाने जिंकलेल्या लढाईवरून आले आहे.

नेपोलियनला १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत हरवणारा सेनापती म्हणून हा माणूस इथे सर्वांना माहीत आहे. पण त्याआधी बारा वर्षे तो कुठे होता? तो महाराष्ट्रात होता आणि मराठ्यांशी लढत होता. ती हकिकत आपल्याला माहीत असायला हवी.

वेलस्ली पुण्यात येतो

त्याचे मूळ नाव आर्थर वेलस्ली. जन्म १७६९ चा, आयर्लंडमधला. १७९७ मध्ये तो आपल्या पलटणीबरोबर हिंदुस्थानात आला. पुढच्याच वर्षी त्याचा थोरला भाऊ रिचर्ड कंपनी सरकारचा गव्हर्नर जनरल झाला.

त्या वेळी मराठी राज्यात घरची भांडणे चालू होती. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसर येथे दुसरे बाजीराव पेशवे आणि दौलतराव शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव पळून वसईला गेले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी इंग्रजांशी तह केला. इंग्रजी फौज पेशव्यांचे रक्षण करणार, आणि त्या बदल्यात पेशवे त्या फौजेच्या खर्चासाठी मुलूख देणार व इंग्रजांना विचारल्याशिवाय कोणाशी युद्ध किंवा तह करणार नाहीत, असा तो करार होता. राज्य वाचवायला गेले आणि स्वातंत्र्य गमावून बसले!

एप्रिल १८०३ मध्ये वेलस्ली फौज घेऊन पुण्यात आला. मे महिन्यात बाजीराव पुन्हा गादीवर बसले. शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांना हा तह मान्य नव्हता. ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले आणि १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला.

असईची लढाई

असई हे जालना जिल्ह्यातले, जाफराबाद तालुक्यातले एक लहानसे गाव. जवळून केळणा आणि जुई या दोन नद्या वाहतात. २३ सप्टेंबर १८०३ रोजी या नद्यांच्या मधल्या जागेत शिंदे आणि भोसले यांचा तळ होता. त्यांच्याकडे हजारो घोडेस्वार, कवायती पायदळ आणि शंभरावर तोफा होत्या. कवायती म्हणजे युरोपच्या पद्धतीने शिकवून तयार केलेले. वेलस्लीजवळ इंग्रजी फौजेचे सुमारे सात हजार सैनिक होते. त्यांत स्कॉटलंडच्या पलटणी होत्या आणि मद्रासचे पुष्कळ देशी शिपाईही होते. म्हैसूरचे व पेशव्यांचे घोडदळही त्याच्या बाजूला होते. म्हणजे मराठे दोन्हीकडे होते!

केळणा ओलांडायची कशी, हा वेलस्लीपुढचा प्रश्न होता. इथे उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. (उतार म्हणजे नदी पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा.) पण नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे त्याला दिसली. दोन गावे इतकी जवळ असतील तर माणसांची ये-जा असणारच, आणि ये-जा असेल तर उतारही असणारच, असा तर्क त्याने केला. तो बरोबर निघाला. तिथूनच त्याची फौज पलीकडे गेली.

मराठ्यांचे पायदळ गडबडून जाईल असे त्याला वाटले असावे. पण त्यांनी शिस्तीत तोंड फिरवून नवी फळी उभी केली आणि तोफांचा भडिमार सुरू केला. वेलस्लीचा एक घोडा ठार झाला, दुसऱ्याला भाला लागला. मराठ्यांचे गोलंदाज, म्हणजे तोफा चालवणारे शिपाई, तोफा सोडून हलले नाहीत. काही जण मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रज पुढे जाताच उठून त्यांनी तोफा त्यांच्या पाठीवर वळवल्या. संध्याकाळपर्यंत इंग्रज जिंकले. ९८ तोफा त्यांना मिळाल्या. पण त्यांचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून दीड हजारांहून अधिक लोक कामी आले होते.

पुढे नोव्हेंबरात अडगाव आणि डिसेंबरात मेळघाटातला गाविलगडही पडला. शिंदे आणि भोसले यांना तह करावे लागले. पंधरा वर्षांनी, १८१८ मध्ये, पेशवाई बुडाली. म्हातारपणी वेलस्लीला कोणी विचारले, की रणांगणावर तुमची सर्वांत मोठी कामगिरी कोणती? त्याने वॉटर्लूचे नाव घेतले नाही. तो म्हणाला, असई.

गावाचे नाव माणसाला, माणसाचे नाव गावांना

मग तो 'वेलिंग्टन' कसा झाला? १८०९ मध्ये स्पेनमधली तालाव्हेराची लढाई जिंकल्यावर त्याला किताब मिळाला. तो स्वतः लढाईवर होता, म्हणून किताबाचे नाव भावाने निवडले. सॉमरसेटमधल्या वेलिंग्टन या गावाचे नाव 'वेलस्ली'शी जुळते, म्हणून तेच ठरले. १८१४ मध्ये तो ड्यूक झाला. पुढे सरकारी पैशातून त्याच्यासाठी स्ट्रॅटफील्ड सेची जहागीर घेतली गेली. वेलिंग्टन कंट्री पार्क याच जहागिरीतले.

१८५२ मध्ये ड्यूक वारला. त्याच्या स्मरणार्थ वेलिंग्टन कॉलेज काढले गेले. सैन्यातल्या मृत अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी ही शाळा होती. १८५६ मध्ये व्हिक्टोरिया राणीने पायाभरणी केली आणि १८५९ मध्ये शाळा उघडली. १८५३ मध्ये लिंडली नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातल्या प्रचंड झाडाला ड्यूकचे नाव दिले. शास्त्रात ते टिकले नाही, पण इंग्लंडमधल्या लोकांच्या तोंडी टिकले.

न्यूझीलंडच्या राजधानीलाही १८४० मध्ये हेच नाव मिळाले, आणि ड्यूक तिथे कधी गेलाच नव्हता! माओरी लोक त्या बंदराला ते व्हांगानुई-आ-तारा म्हणतात. तामिळनाडूत कुन्नूरजवळच्या जकतला या छावणीचेही वेलिंग्टन झाले. तिथे आज भारतीय सैन्याच्या मद्रास रेजिमेंटचे केंद्र आहे, आणि त्या रेजिमेंटच्या चिन्हावर असईचा हत्ती आहे. मुंबईत रीगल सिनेमासमोर १८६५ मध्ये बांधलेले वेलिंग्टन कारंजे अजून उभे आहे. त्या चौकाला मात्र आता श्यामाप्रसाद मुखर्जींचे नाव आहे.

राहिलेली नावे

जिंकणाऱ्याचे नाव गावाला, शाळेला, झाडाला, बुटालासुद्धा मिळाले. तोफेजवळ उभे राहून मेलेल्या गोलंदाजांचे नाव कुठल्याच पाटीवर नाही. इंग्रजांच्या बाजूने मेलेल्या मद्रासी शिपायांचेही नाही. पाटीवर राग धरायचे काही कारण नाही. पण पाटी वाचून झाल्यावर दोन प्रश्न विचारावेत: हे नाव कोणी दिले? आणि त्याआधी इथे काय होते?

या आठवड्याचा गृहपाठ : आजी-आजोबांना फोन करून विचारा, की त्यांच्या गावातल्या कोणत्या रस्त्याचे, चौकाचे किंवा शहराचे नाव बदलले आहे? (उदाहरणार्थ, वर आलेल्या अहमदनगरचे २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले.) जुने नाव, नवे नाव आणि ती माणसे कोण होती, हे पाच-सहा वाक्यांत मराठीत लिहून आणा. पालकांनी शुद्धलेखन पाहावे, वाक्ये मात्र मुलांचीच असू द्यावीत.