यंत्रांची निगा

नांदेड आणि लातूर ही आपली शहरे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहेत. तुमच्यापैकी अनेकांनी जहाज फक्त चित्रात पाहिले असेल. पण 'जहाज' हा शब्द तुम्हांला नवा नाही. तो मराठीत आहे, तसाच उर्दूतही आहे. आज आपण या जहाजाच्या पोटात शिरणार आहोत आणि तेथील यंत्रांची काळजी कशी घेतात, ते पाहणार आहोत.

समजा, तुम्ही एस.टी.ने लातूरहून नांदेडला निघालात आणि वाटेत अहमदपूरच्या पुढे गाडी बंद पडली. मग काय होईल? चालक आगाराला निरोप पाठवील. वाहक तुम्हांला मागून येणाऱ्या गाडीत बसवून देईल. तुम्हांला थोडा उशीर होईल, एवढेच. आता समजा, भर समुद्रात जहाजाचे इंजिन बंद पडले. तेथे मागून येणारी गाडी नसते आणि जवळ आगारही नसते. वारा व लाटा जहाजाला वाटेल तिकडे ढकलू लागतात. अशा वेळी जे काही करायचे, ते जहाजावरच्या माणसांनी आणि जहाजावर असलेल्या सामानानेच करायचे असते. म्हणून जहाजावर यंत्रांची निगा हा जीवनमरणाचा प्रश्न असतो.

मोठ्या मालवाहू जहाजाचे मुख्य इंजिन दोन-तीन मजली घराएवढे उंच असते. त्याच्या जोडीला वीज तयार करणारे जनरेटर असतात. इंजिन थंड ठेवण्यासाठी पाणी फिरवणारे, इंधन पुढे ढकलणारे, वंगणाचे तेल फिरवणारे असे अनेक पंप असतात. इंधनातील पाणी व घाण वेगळी करणारी यंत्रे असतात. सुकाणू फिरवणारे यंत्र वेगळेच असते. ही सारी यंत्रे एकमेकांवर अवलंबून असतात. उदाहरणार्थ, मोठे इंजिन सुरू करायला दाबाखाली साठवलेली हवा लागते. ती हवा भरणारा कॉम्प्रेसर बिघडला आणि साठा संपला, तर इंजिन धडधाकट असूनही सुरू होणार नाही.

आता 'निगा' या शब्दाकडे पाहा. हा शब्द फारसी 'निगाह' या शब्दापासून मराठीत आला. निगाह म्हणजे नजर, हे तुम्हांला ठाऊकच आहे. निगा राखणे म्हणजे नजर ठेवणे. हातात पाना घेण्याआधी डोळे उघडे ठेवायचे, हा अर्थ या शब्दातच दडलेला आहे. यंत्रांची निगा राखण्याच्या तीन मुख्य पद्धती आहेत. त्या आपण एकेक करून समजून घेऊ.

पहिली पद्धत म्हणजे बिघडल्यावर दुरुस्ती. यंत्र चालते आहे तोवर चालू द्यायचे आणि बंद पडले की दुरुस्त करायचे. ही पद्धत आळशी माणसाची वाटते. पण ती नेहमीच चुकीची नसते. खोलीतील दिवा गेला, तर आपण तो तेव्हाच बदलतो. तो जाण्याआधी दर महिन्याला बदलणे म्हणजे पैशांची नासाडी होय. ज्या वस्तूच्या बिघाडाने कोणाला इजा होत नाही आणि जी लगेच बदलता येते, तिच्यासाठी ही पद्धत पुरेशी आहे. मात्र सुकाणूच्या यंत्राला ती लावता येत नाही. सुकाणू बंद पडेपर्यंत वाट पाहणे म्हणजे अपघाताची वाट पाहणे होय.

दुसरी पद्धत म्हणजे ठरलेल्या वेळी निगा. प्रत्येक यंत्र किती तास चालले, याची नोंद जहाजावर ठेवतात. यंत्र बनवणाऱ्याने सांगितलेले तास भरले, की ते यंत्र उघडतात, साफ करतात, झिजलेले भाग बदलतात आणि पुन्हा जोडतात. नांदेडच्या रेल्वे स्थानकावरून लांब पल्ल्याच्या गाड्या सुटतात. सुटण्यापूर्वी त्यांचे डबे पिट लाइनवर उभे करून खालून-वरून तपासले जातात. ब्रेक बिघडल्याची तक्रार येईपर्यंत कोणी थांबत नाही. जहाजाचा पाण्याखालचा भागही असाच तपासावा लागतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मालवाहू जहाजाच्या तळाची पाच वर्षांत किमान दोन वेळा तपासणी होते. त्यासाठी जहाज सुक्या गोदीत नेतात आणि गोदीतील पाणी उपसून टाकतात. मुंबई बंदरातील ह्यूजेस ड्राय डॉक ही अशीच एक जुनी गोदी आहे.

या पद्धतीतही एक उणीव आहे. घड्याळ पाहून यंत्र उघडले, तर कधी कधी चांगले चाललेले यंत्रही विनाकारण उघडले जाते. परत जोडताना एखादा बोल्ट सैल राहतो, एखादा कण आत जातो आणि नवाच बिघाड सुरू होतो. १९७८ साली अमेरिकेत नोलन आणि हीप या दोघांनी विमानांच्या निगेविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. बहुतेक भागांच्या बाबतीत वय वाढले म्हणून बिघाड वाढतो असे नाही, असे त्यात दिसून आले. या विचाराचा उपयोग पुढे जहाजे आणि कारखाने यांनीही करून घेतला.

तिसरी पद्धत म्हणजे प्रकृती पाहून निगा. डॉक्टर पोट उघडून आजार शोधत बसत नाहीत. ते आधी नाडी पाहतात, ताप मोजतात, रक्त तपासायला पाठवतात. यंत्राचेही तसेच आहे. इंजिनातील वंगणाच्या तेलाचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवतात. तेलात लोखंडाचे कण वाढले, तर आतला एखादा भाग झिजत आहे, हे कळते. मीठ आढळले, तर कोठून तरी समुद्राचे पाणी शिरत आहे, हे समजते. पंपाची थरथर मोजली, की त्याच्या बेअरिंगची अवस्था कळते. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान रोज लिहून ठेवतात. पाच सिलिंडरांचे आकडे सारखे आणि सहाव्याचा वेगळा असेल, तर दोष कोठे शोधायचा, हे वेगळे सांगावे लागत नाही.

मग यांपैकी कोणती पद्धत चांगली? खरे तर जहाजावर तिन्ही पद्धती वापरतात. निवड करताना एक साधा प्रश्न विचारतात : 'हे यंत्र अचानक बंद पडले, तर काय होईल?' जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाची आंतरराष्ट्रीय नियमावली १९९८ पासून प्रवासी व तेलवाहू जहाजांना आणि २००२ पासून इतर मालवाहू जहाजांना लागू झाली. ज्या यंत्रांच्या अचानक बिघाडाने धोका निर्माण होतो, ती आधीच ओळखून ठेवा, असे ही नियमावली सांगते. नेहमी बंद असणारी, पण संकटात लागणारी यंत्रे नियमितपणे चालवून पाहा, असेही ती बजावते. कारण जे यंत्र वर्षभर कोणी चालवलेच नाही, ते संकटाच्या क्षणी चालेल याचा भरवसा नसतो.

या नियमांमागे किती मोठा अर्थ आहे, हे एका दुर्घटनेवरून कळेल. २६ मार्च २०२४ च्या पहाटे अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरातून 'डाली' नावाचे सुमारे ३०० मीटर लांबीचे मालवाहू जहाज निघाले. त्यावरील बहुतेक कर्मचारी भारतीय होते. अचानक जहाजाची वीज गेली. ती परत आली आणि पुन्हा गेली. इंजिन बंद पडले. जहाज वळवता येईना. ते सरळ एका मोठ्या पुलाच्या खांबावर जाऊन आदळले आणि पूल कोसळला. जहाजावरून धोक्याची सूचना वेळेवर गेली होती, म्हणून पोलिसांनी पुलावरील वाहतूक थांबवली आणि अनेकांचे प्राण वाचले. परंतु त्या वेळी पुलावर रस्तादुरुस्ती करणारे सहा कामगार मृत्युमुखी पडले.

तपास करणाऱ्या मंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये कारण सांगितले. पहिल्यांदा वीज गेली ती एका सैल तारेमुळे. तारेवर नाव लिहिलेली छोटी पट्टी अशी बसवली होती, की तार तिच्या जागेत पूर्ण आत गेलीच नव्हती. दुसऱ्यांदा वीज गेली, कारण जनरेटरला इंधन पुरवण्यासाठी वापरलेला पंप वीज गेल्यावर आपोआप पुन्हा सुरू होणारा नव्हता. एवढ्या प्रचंड जहाजावर हजारो तारा होत्या. त्यांतील एक तार नीट बसली नव्हती.

मित्रांनो, आपल्या भागाला समुद्र नाही. पण पंप आहेत. नांदेडजवळच्या विष्णुपुरी प्रकल्पात गोदावरीचे पाणी पंपांनी उचलून शेतांना देतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाण्याची भीषण टंचाई झाली, तेव्हा मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आणावे लागले. त्या वेळी पाणी भरणारे पंप, टाक्यांच्या झडपा, रेल्वेचे इंजिन यांपैकी काहीही अडले असते, तर हंडे घेऊन उभ्या असलेल्या माणसांना आणखी थांबावे लागले असते. आपल्या शेतातली मोटर पाणी उपसण्याच्या ऐन दिवसांतच का जळते, याचाही विचार करा. ती चालू होती, तेव्हा तिचा बदललेला आवाज कोणी ऐकला होता का? तिची गरम झालेली तार कोणी पाहिली होती का?

तुमच्या घरी सायकल असेल, शिलाई मशीन असेल किंवा पाण्याची मोटर असेल. एका वहीत तिच्यासाठी एक पान करा. तेल कधी घातले, आवाज कधी बदलला, कोणता भाग कधी बदलला, हे तारखेसह लिहा. मोटरीची दुरुस्ती मात्र स्वतः करू नका. जाणकार माणसाला ती वही दाखवा. जहाजावरचा इंजिनिअरही हेच करतो. त्याची वही मोठी असते, एवढाच फरक.