किती पायजेत, आन कशाला पायजेत?

एप्रिलचा शेवटचा आठवडा. पाझर तलाव ठणठणीत कोरडा, तळाच्या गाळाला मूठ जाईल एवढाल्या भेगा. गावाचे नाव इथे देत नाही, कारण जे या गावात झाले ते आपल्या जिल्ह्यातल्या अनेक गावांत झालेले आहे. ग्रामपंचायतीच्या दाराशेजारी एक छापील पत्रक चिकटवले होते. सुरुवात अशी : ‘तमाम ग्रामस्थ, दानशूर व्यक्ती, माता-भगिनी, तरुण मंडळे व मुंबई-पुणेस्थित भूमिपुत्रांना नम्र आवाहन करण्यात येते की, गावाच्या सर्वांगीण विकासाच्या दृष्टीने जलसंधारण उपक्रमांतर्गत हाती घेण्यात येणाऱ्या लोकोपयोगी कामास सढळ हस्ते मदत करून सहकार्य करावे.’ खाली सतरा जणांची नावे, हुद्द्यासकट. त्याखाली स्कॅन करायचा चौकोन.

पत्रक लागून वीस दिवस झाले होते. ‘जमले किती?’ असे विचारले तर सरपंचांनी विषय चहावर नेला.

तेवढ्यात शेळी हाकत एक आजी तिथे थांबल्या. म्हणाल्या, ‘काय लिवलंय रं त्यात? वाच की जरा.’ सरपंचांनी सगळे वाचून दाखवले, सतरा नावांसकट. आजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘ते समदं खरं. पन किती पायजेत, आन कशाला पायजेत?’

सरपंच आधी हसले, मग गप्प झाले. पत्रकात तलावाचे नाव नव्हते, गाळ हा शब्द नव्हता, रक्कम नव्हती आणि पाऊस कधी येतो याचा उल्लेखही नव्हता. गाळ काढायला मिळतात ते दिवस मृगाच्या आधीचे. तलावात एकदा पाणी आले की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काम बंद, आणि पुन्हा फेब्रुवारीपासून टँकरच्या मागे घागरी घेऊन धावणे आले. हे गावाला माहीत होते. फक्त पत्रकाला माहीत नव्हते.

पत्रक लिहितो कोण?

या पत्रकांची भाषा कुठून येते हे आपल्याला ठाऊक आहे. कोणीतरी जुने पत्रक काढतो, तारीख बदलतो, नावे बदलतो. देवळाचा जीर्णोद्धार असो, शाळेची भिंत असो की गाळ असो, ‘सढळ हस्ते’ आणि ‘यथाशक्ती’ ठरलेले. यथाशक्ती म्हणजे किती, हे वाचणाऱ्याने ठरवायचे. तो बिचारा शेजाऱ्याने किती दिले ते बघतो, शेजारी त्याच्याकडे बघत असतो, आणि खिशातला हात खिशातच राहतो. नावांचा क्रम चुकू नये म्हणून दोन बैठका होतात. काम काय ते लिहायला पाच मिनिटेही बसत नाहीत. हे मी टीका म्हणून लिहीत नाही. अशी पत्रके मी स्वतः लिहून दिलेली आहेत.

मागण्याची परंपरा आपल्याकडे काही कमी नाही. गाडगेबाबांचेच घ्या. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेला, शाळेचे तोंड न पाहिलेला हा माणूस. गावात आला की आधी खराटा घेऊन गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनाला उभा राहायचा. बोलणे वऱ्हाडी, लोकांच्याच तोंडचे. मध्येच प्रश्न विचारायचा आणि उत्तर लोकांकडूनच वदवून घ्यायचा. त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या धर्मशाळा पंढरपूर, नाशिक, आळंदीला आजही बघायला मिळतात. सकाळी त्यांनी झाडलेला रस्ता लोकांनी पाहिलेला असायचा. पैसा कशाला, हे रात्री वेगळे समजावून सांगावे लागत नव्हते.

दुसरे कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. वसतिगृहातल्या पोरांना जेवू घालायचे होते आणि शेतकऱ्याच्या घरात रोख पैसा नव्हता. मग मुष्टिफंड निघाला : घरातल्या बाईने दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढायचे. मूठ किती मोठी हे कोणाला शिकवावे लागत नाही, ती प्रत्येकीजवळ असते आणि ती कोणाच्या पोटात जाणार हेही समोर दिसते. लक्ष्मीबाईंनी स्वतःचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा, या पोरांसाठी मोडले होते. त्या घरातून मागणे आले की नाही म्हणायला जीभ कशी उचलेल?

अलीकडचे उदाहरण घ्यायचे तर पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा. २०१६ साली वरुड, कोरेगाव आणि आंबेजोगाई या ३ तालुक्यांत ती पहिल्यांदा झाली आणि कोरेगावातल्या वेळूने पहिला क्रमांक काढला. तिथे मागणे पैशापेक्षा अंगमेहनतीचे होते. टिकाव-फावडे घ्या, शिवारात या, अमुक इतका चर खणायचा. चर खणला की तो डोळ्यांनी दिसतो.

अमेरिकेतली एक चिठ्ठी

तिकडच्या अभ्यासकांनी या गोष्टीची रीतसर परीक्षा घेतलेली आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना ५ डॉलर देऊन त्यांच्यासमोर आफ्रिकेतल्या भुकेसाठी मदत मागणारी चिठ्ठी ठेवली. काहींच्या चिठ्ठीत आकडे होते, इतकी लाख मुले, इतके देश. काहींच्या चिठ्ठीत माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या एका मुलीची हकीकत होती. आकडे वाचणाऱ्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले, रोकियाची हकीकत वाचणाऱ्यांनी २.३८. आता गंमत बघा. तिसऱ्या गटाला दोन्ही दिले, मुलगीही आणि आकडेही. हे लोक जास्त देतील असे आपल्याला वाटेल. त्यांनी दिले १.४३.

म्हणजे आकडे टाकून द्यायचे का? मला तसे वाटत नाही. तिथले देणारे हजारो मैल दूर होते, आपले देणारे त्याच तलावाच्या खालच्या अंगाला विहीर असलेले आहेत. त्यांना आकडा हवाच, पण हातात मावणारा. आणि कोणाच्या पडक्या घराचा, फाटक्या लुगड्याचा फोटो काढून गटावर फिरवायचा, हा तर उद्योगच नको. त्या बाईला त्याच गावात राहायचे असते.

तर त्या दिवशी आजी गेल्या आणि निवृत्त गुरुजी वही घेऊन बसले. गाळ ब्रासने मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर. एका घनमीटरच्या जागेत १,००० लिटर पाणी मावते. तेव्हा एक ब्रास गाळ बाहेर काढला की साधारण २,८०० लिटर पाण्याला जागा झाली. गावात येणारा टँकर १०,००० लिटरचा. गुरुजींनी भागाकार केला आणि म्हणाले, ‘साडेतीन ब्रास, सरपंच. साडेतीन ब्रास गाळ काढला की एका टँकरची जागा. दर पावसाळ्याला.’ सरपंच म्हणाले, ‘गुरुजी, हे अगोदर का नाही सांगितलं?’ गुरुजी म्हणाले, ‘तुम्ही नावं लिहायला बोलावलं होतं.’

नवे पत्रक अर्ध्या पानाचे झाले. ‘आपल्या पाझर तलावात गाळ बसला आहे. पाऊस पडतो, पण पाण्याला थांबायला जागा नाही. साडेतीन ब्रास गाळ काढला की एका टँकरएवढ्या पाण्याला जागा होते. काम मृगाच्या आत संपवायचे आहे. यंत्राच्या एका तासाचा खर्च खाली दिला आहे. जमेल त्याने एका तासाचे पैसे द्यावेत, नाहीतर दोघांत मिळून एक तास घ्यावा. ज्याचा ट्रॅक्टर आहे त्याने गाळ आपल्या रानात न्यावा. प्रत्येकाला पावती मिळेल. दर सोमवारी हिशेब फळ्यावर. विचारायचे असेल ते गुरुजींना विचारा.’ सतरा नावे गेली. त्यावरून दोघे रुसले, पण ते रुसणारच होते.

जुन्या मंडपाचे भूत

तरी पहिल्या दोन दिवसांत फार काही आले नाही. कारण कळायला पारावर तासभर बसावे लागले. चार वर्षांपूर्वी सभामंडपासाठी वर्गणी झाली होती. मंडप उभा राहिला, पण शिल्लक किती उरली आणि कुठे गेली हे कोणी सांगितलेच नाही. कोणी पैसे खाल्ले असे कोणी म्हणत नव्हते. ‘खाल्लं न्हाई म्हणावं तर हिशेब दावा की,’ एवढेच म्हणणे होते. पुण्याला नोकरी करणाऱ्या एका पोराने गटावर लिहिले, ‘चौकोन कुणाच्या खात्याचा आहे?’ खाते सरपंचांच्या पुतण्याचे निघाले. हेतू वाईट नव्हता, बँकेत जायचा कंटाळा होता. पण वर्गणी तिथेच अडली होती.

इथे भाऊसाहेब कामाला आले. (२०२४ पासून हुद्दा ग्रामपंचायत अधिकारी असा झाला, गावाच्या तोंडी अजून भाऊसाहेबच.) त्यांनी पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यावर घ्यायचा आणि प्रत्येकाला नमुना ७ ची पावती द्यायची असे ठरवले. ज्या गावात ट्रस्ट आहे तिथे धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि लेखापरीक्षण चालू आहे ना, ते आधी बघावे. नोंदणी नसलेल्या मंडळाला धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ४१ क कलमाखाली परवानगी लागते. गणपती मंडळांना हे माहीत असते, गाळ काढणाऱ्यांना नसते. शिवाय तलाव ज्या खात्याचा आहे त्याची परवानगी आधी हवी, आणि २०१७ साली सुरू झालेल्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत आपले काम बसते का हे विचारून घ्यावे. बसत असेल तर वर्गणीचा आकडाच लहान होतो. आणि उचलायचा तो गाळच. वाळूला हात लावला की प्रकरण महसूल खात्याकडे गेलेच म्हणून समजा.

जवळ औद्योगिक वसाहत असेल तर कंपनीचे दारही ठोठवावे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागील ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. पण तिथला अधिकारी ‘सर्वांगीण विकास’ वाचून अर्ज खाली ठेवतो. काम कोणते, किती ब्रास, खर्च किती, गाव स्वतः किती घालणार, नोंदणी कोणाची, हिशेब कोण देणार, एवढे एका पानावर लिहावे.

फळ्यावर पहिला हिशेब लागला तो मंडपाचा. शिल्लक होती, थोडीच, आणि ती गाळाच्या कामात वर्ग केली असे खडूने लिहिले. दुसऱ्या दिवसापासून माणसे पावती मागायला येऊ लागली. पुण्याच्या त्या पोराने दोन तास घेतले. एका बचत गटाने एक तास घेतला.

मी मे महिन्यात पुन्हा गेलो तेव्हा यंत्र चालू होते. फळ्यासमोर त्या आजी उभ्या होत्या. वाचता येत नाही, म्हणून सातवीतल्या नातवाला वाचायला लावले होते. तासांचा हिशेब झाला, डिझेलचा झाला, ब्रासचा झाला. पोरगा थांबला. आजी म्हणाल्या, ‘शिल्लक वाच की.’