विश्लेषण : अमेरिकी यादवीत दक्षिण जिंकली असती तर...? हा प्रश्न आजही का विचारला जातो?

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ‘फोर्ट ब्रॅग’ या विशाल लष्करी तळाचे नाव २०२३ मध्ये बदलून ‘फोर्ट लिबर्टी’ करण्यात आले आणि २०२५ मध्ये ते पुन्हा ‘फोर्ट ब्रॅग’ झाले. मूळ नाव यादवी युद्धात अमेरिकेविरुद्ध लढलेल्या ब्रॅक्सटन ब्रॅग या जनरलचे होते. आताचे नाव दुसऱ्या महायुद्धातील त्याच आडनावाच्या सैनिकाचे आहे, असे सरकारचे म्हणणे. १८६५ मध्ये संपलेले युद्ध अमेरिकेत असे अधूनमधून डोके वर काढते आणि त्यासोबत ‘दक्षिण जिंकली असती तर’ हा प्रश्नही. हा निव्वळ कल्पनाविलास आहे की त्यातून आजच्या अमेरिकेविषयी काही कळते?

युद्ध कशासाठी झाले?

नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू देणार नाही, अशी भूमिका घेतलेले अब्राहम लिंकन १८६० मध्ये अध्यक्षपदी निवडून आले. त्यानंतर दक्षिणेकडील ११ राज्ये टप्प्याटप्प्याने संघराज्यातून फुटली आणि त्यांनी ‘कॉन्फेडरसी’ हा वेगळा देश स्थापन केला. १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट समटरवरील तोफांच्या माऱ्याने युद्धाला तोंड फुटले. त्या वेळी अमेरिकेत सुमारे ४० लाख गुलाम होते. ‘राज्यांच्या हक्कांसाठी लढाई’ हे स्पष्टीकरण नंतर लोकप्रिय झाले. मात्र कॉन्फेडरसीच्या घटनेनेच गुलामगिरीला संरक्षण दिले होते आणि उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च १८६१ मधील भाषणात कृष्णवर्णीयांची गुलामी हीच नव्या राष्ट्राची कोनशिला असल्याचे उघडपणे सांगितले होते. चार वर्षांच्या युद्धात पारंपरिक अंदाजानुसार ६ लाख २० हजार सैनिक मरण पावले. नवे अंदाज त्याहून अधिक आहेत.

निकाल खरोखर बदलू शकला असता?

लोकसंख्या, कारखाने आणि रेल्वे या तिन्ही बाबतींत उत्तर वरचढ होती. पण दक्षिणेला उत्तर जिंकायची नव्हती, तिला केवळ थकवायचे होते. कथाकादंबऱ्यांत बहुधा जुलै १८६३ ची गेटिसबर्गची लढाई उलटवली जाते. प्रत्यक्षात ती जिंकूनही दक्षिणेचे दुखणे मिटले नसते. कारण दुसऱ्याच दिवशी शेकडो मैलांवरचे व्हिक्सबर्ग पडले आणि लवकरच मिसिसिपी नदी उत्तरेच्या ताब्यात गेली. त्यापेक्षा अन्य दोन क्षण अधिक निर्णायक होते.

पहिला क्षण सप्टेंबर १८६२ चा. दक्षिणेचे सेनानी रॉबर्ट ली यांच्या हालचालींचा गुप्त आदेश मेरीलँडमधील एका शेतात तीन सिगारींभोवती गुंडाळलेला सापडला आणि तो उत्तरेच्या हाती लागला. त्यानंतर १७ सप्टेंबरला झालेल्या अँटिएटमच्या लढाईत एका दिवसात सुमारे २३ हजार सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. ली यांना माघार घ्यावी लागली. युद्धात मध्यस्थी करण्याचा विचार ब्रिटिश सरकार त्याच सुमारास करत होते, तो बारगळला. पाच दिवसांनी लिंकन यांनी गुलाममुक्तीचा प्राथमिक जाहीरनामा काढला. ली मेरीलँडमध्ये जिंकले असते, तर ब्रिटनची मान्यता दक्षिणेच्या आवाक्यात आली असती.

दुसरा क्षण १८६४ च्या उन्हाळ्यातला. युद्धाला उत्तरेतील जनता विटली होती. आपण निवडणूक हरू, अशी लिंकन यांची २३ ऑगस्टला खात्री झाली होती. तसा कागद लिहून त्यांनी तो मंत्र्यांना न दाखवता त्यांच्या सह्या घेतल्या. विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या जाहीरनाम्यात युद्धबंदीची मागणी होती. मात्र २ सप्टेंबरला जनरल शर्मन यांनी अटलांटा घेतले, वारे फिरले आणि लिंकन २१२ विरुद्ध २१ मतदारवृंद मतांनी विजयी झाले.

कल्पित इतिहास काय सांगतो?

हा खेळ जुना आहे. विन्स्टन चर्चिल यांनी १९३० मध्ये ‘ली गेटिसबर्ग हरले असते तर’ असा उफराटा लेख लिहिला. म्हणजे दक्षिण जिंकलेल्या जगात बसून पराभवाची कल्पना केली. हॅरी टर्टलडव्ह यांच्या १९९२ च्या कादंबरीत कालप्रवासी दक्षिणेला चक्क एके-४७ पुरवतात. ‘एचबीओ’ने २०१७ मध्ये गुलामगिरी टिकून राहिलेल्या आधुनिक अमेरिकेवर मालिका जाहीर केली, तेव्हा मोठा विरोध झाला. कृष्णवर्णीयांनी जे प्रत्यक्ष भोगले त्याची करमणूक कशाला, असा सवाल होता. मालिका निघालीच नाही.

विजयी दक्षिणेत गुलामगिरी किती टिकली असती, याचे नेमके उत्तर देता येत नाही. मात्र क्युबात ती १८८६ पर्यंत आणि ब्राझीलमध्ये १८८८ पर्यंत चालली. या दोन्ही ठिकाणी तिला अमेरिकेतील पराभवाचा धक्का बसला होता. तो बसला नसता तर तिथेही ती लांबली असती, हे मानायला जागा आहे.

महाराष्ट्रावर काय परिणाम झाला असता?

युद्धापूर्वी ब्रिटनच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून जाई. उत्तरेने बंदरांची नाकेबंदी केल्यावर मागणी मुंबईकडे वळली, भाव अनेक पटींनी चढले आणि शहरात पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे सटोडिये आणि बॅक बे भरावाच्या कंपनीचे समभाग हे त्या तेजीचे चेहरे. १८६५ मध्ये शांततेची बातमी आली आणि १ जुलैच्या सौदापूर्तीला बाजार कोसळला. ही पडझड मात्र दक्षिण जिंकली असती तरीही झाली असती. तेजी नाकेबंदीवर उभी होती, विजेता कोण याच्याशी तिचा संबंध नव्हता. उलट दक्षिणेने अधिक जोमाने कापूस पाठवला असता.

दुसरा धागा मात्र निकालावरच अवलंबून होता. महात्मा जोतिराव फुले यांनी १८७३ मधील ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांनी पुढे धरलेले उदाहरण त्या युद्धाच्या निकालातूनच आले होते.

खरा ‘जर-तर’ युद्धानंतरचा?

अनेक अभ्यासकांच्या मते अधिक महत्त्वाचा प्रश्न हाच. शर्मन यांच्या जानेवारी १८६५ च्या आदेशाने किनारपट्टीवरील जमीन ४० एकरांपर्यंतच्या तुकड्यांत मुक्त गुलामांना मिळू लागली आणि सुमारे ४० हजार जण तिथे वसले. एप्रिलमध्ये लिंकन यांची हत्या झाली. उपाध्यक्षपदावरून अध्यक्ष झालेले टेनेसीचे अँड्र्यू जॉन्सन यांनी त्यातील बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत केली. मुक्त झालेले लोक बटाईच्या शेतीत आणि कर्जात अडकले.

तरीही तीन घटनादुरुस्त्यांनी गुलामगिरी संपली, नागरिकत्व आणि मतदानाचा हक्क मिळाला. १८७० मध्ये मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले. पण १८७६ च्या वादग्रस्त निवडणुकीनंतरच्या तडजोडीत १८७७ मध्ये दक्षिणेतील सरकारांना असलेला केंद्रीय फौजांचा आधार काढून घेण्यात आला. मग दहशत, मतदान कर आणि साक्षरता चाचण्या आल्या. लुइझियानात १८९६ मध्ये १ लाख ३० हजार कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते; १९०४ मध्ये ते १,३४२ उरले. रणांगणावर हरलेल्या दक्षिणेने शांततेच्या काळात बरेच काही परत मिळवले.

आजचा प्रादेशिक वारसा काय?

१९१० ते १९७० दरम्यान सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून गेले. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानंतर दोन वर्षांत मिसिसिपीतील कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी सुमारे ७ टक्क्यांवरून ६० टक्क्यांजवळ पोहोचली. ब्लँच ब्रूस यांची मुदत १८८१ मध्ये संपल्यावर दक्षिणेतील पुढचा कृष्णवर्णीय सिनेटर येण्यास २०१३ साल उजाडले. १८६० मध्ये ज्या काउंट्यांत गुलामांचे प्रमाण अधिक होते, तेथील गोरे मतदार आजही वांशिक प्रश्नांवर अधिक पुराणमतवादी आढळतात, असे अविदित आचार्य, मॅथ्यू ब्लॅकवेल आणि माया सेन यांच्या २०१८ च्या अभ्यासग्रंथाने दाखवले.

पुतळ्यांचा वादही इथलाच. दक्षिणेच्या सेनानींची बहुतेक स्मारके युद्ध संपताच नव्हे, तर नंतरच्या दशकांत, कृष्णवर्णीयांचे हक्क काढून घेतले गेले त्या काळात उभी राहिली. रिचमंडमधील ली यांचा भव्य पुतळा १८९० मध्ये बसला आणि २०२१ मध्ये हटला. त्यामुळे ‘दक्षिण जिंकली असती तर’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर कल्पनेत शोधावेच लागत नाही, ते १८७७ ते १९६५ या काळाच्या नोंदींत सापडते. न घडलेली गोष्ट वेगळीच आहे. मुक्तीबरोबर जमीन आणि मतपेटीचे संरक्षणही टिकले असते तर दक्षिण कशी असती, हा प्रश्न कादंबरीकारांनी फारसा घेतलेला नाही. अमेरिकेच्या राजकारणात मात्र तो अजून निकाली निघालेला नाही.