उमेदवार ठरवणार कोण?

बोरी (जि. परभणी) : तिकीट ठरते मुंबई-दिल्लीत, जिंतूर तालुक्यातील बोरीच्या मतदाराला ते कळते वर्तमानपत्रातून. ही रीत मोडण्याचा प्रयत्न काँग्रेसने २०१४ मध्ये केला. अमेरिकेतील 'प्रायमरी'च्या धर्तीवर लातूर व वर्धा येथे पक्षांतर्गत मतदान झाले. अमेरिकेतील काही राज्यांत प्रायमरी खुली असते. तेथे पक्षाबाहेरचा नागरिकही मत देतो, त्यामुळे काठावरच्या मतदाराचा बदलता कल आधीच उमगतो. आपल्याकडे मतदार होते पक्षाचेच पदाधिकारी व लोकप्रतिनिधी! लातुरात दत्तात्रय बनसोडे, वर्ध्यात सागर मेघे जिंकले. लोकसभेला दोघेही भाजपकडून हरले. मोदी लाटेपुढे खुल्या निवडीनेही किती निभावले असते, हा प्रश्नच आहे. परभणीची जागा राष्ट्रवादीच्या वाट्याची असल्याने बोरीपर्यंत हा प्रयोग पोहोचलाच नाही.