कुचबिहार करंडक
कुचबिहार करंडक : भारतातील एकोणीस वर्षांखालील क्रिकेटपटूंची राष्ट्रीय स्पर्धा. १९४५-४६ मध्ये शालेय संघांसाठी सुरू झालेली ही स्पर्धा १९८७-८८ पासून एकोणीस वर्षांखालील संघांची झाली. हंगामात प्रथम साखळी व नंतर बाद पद्धतीने चार दिवसांचे सामने होतात. साखळीत निर्णायक विजयास ६ गुण, तर अनिर्णित सामन्यात पहिल्या डावातील आघाडीस ३ व पिछाडीस १ गुण असतो. म्हणून संयमी फलंदाजीस विशेष मोल येते.

मुंबई व विदर्भ यांचे संघ स्वतंत्र असल्याने सोलापूरच्या खेळाडूस महाराष्ट्राच्या संघात स्थान मिळवावे लागते. वयोमर्यादेमुळे ही संधी मोजकेच हंगाम टिकते. ती हुकल्यास त्यास वयाने मोठ्या खेळाडूंशी स्पर्धा करावी लागते. जालन्याच्या विजय झोलने २०११-१२ च्या हंगामात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. सोलापूर हे भारताचे माजी कर्णधार पॉली उम्रीगर (१९२६–२००६) यांचे जन्मस्थान. सोलापूरच्याच अर्शिन कुलकर्णीने एकोणीस वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत (२०२४) अमेरिकेविरुद्ध १०८ धावा काढल्या.