मिरचीची पथारी, ड्रायर आणि काही गैरसमज

नंदुरबारच्या बाजार समितीत लाल मिरची ओलीच येते. व्यापारी ती लिलावात घेऊन पथारींवर उन्हात वाळवतात. अवकाळी पाऊस आला की पथारीवरचा माल भिजतो, काळा पडतो, त्याला बुरशी लागते. साहजिकच लहान मसाला उद्योजकाच्या मनात सोलर ड्रायर घोळू लागतो.

गैरसमज: यंत्र बसवलं की नवा प्रकल्प उभा राहिला.

खरं काम तिथून पुढे सुरू होतं. 100 किलो ओल्या मिरचीत 75 किलो पाणी धरा. 10 टक्के ओलाव्यावर थांबलात तर सुमारे 28 किलो सुकी मिरची मिळते. 7 टक्क्यांपर्यंत सुकवलीत तर 27 किलोही भरत नाही. अन्नसुरक्षा मानकांनुसार ओलावा 11 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे कमी सुकवली तर माल नापास आणि जास्त सुकवली तर क्विंटलमागे किलोभर वजन गेलं. ट्रे नेमका कधी काढायचा, हे सरावलेला कामगारच ठरवतो. म्हणून पहिल्या हंगामात एकाच ढिगातली निम्मी मिरची पथारीवर आणि निम्मी ड्रायरमध्ये वाळवावी. वजन, ओलावा, रंग, मजुरी यांची रोजची नोंद ठेवावी. माझ्या मते ही वही ड्रायरइतकीच मोलाची आहे.

गैरसमज: अनुदान आहे, मग जोखीम कसली?

2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत अनुदान 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये. पण ते कर्जाशी जोडलेलं आहे. आधी बँकेचं कर्ज घ्यावं लागतं, स्वतःचे पैसे घालावे लागतात आणि हप्ते वेळेवर भरावे लागतात. प्रयोगाला किती पैसे घालायचे आणि कोणता आकडा न जमल्यास थांबायचं, हे अर्ज करण्याआधीच लिहून ठेवावं. ठरवून थांबवलेला प्रयोग म्हणजे अपयश नव्हे.

गैरसमज: असले उद्योग मोठ्या कंपन्यांनीच करावेत.

2023 चा अर्थशॉट पुरस्कार मिळवणारी एस फोर एस टेक्नॉलॉजीज महाराष्ट्रातलीच. तिने शेतकरी महिलांना सोलर ड्रायर दिले आणि वाळवलेल्या मालाच्या विक्रीचीही सोय केली. ग्राहक आधी शोधण्याचा हा भाग अनेक जण विसरतात. मिरचीचा हंगाम सरल्यावर ड्रायर रिकामा पडतो, तेव्हा धडगावच्या डोंगरात आमचुरासाठी कैऱ्या चिरणं सुरू होतं. त्या कैऱ्या आपल्या ट्रेवर येतील का, याची चौकशी कर्जाच्या कागदांवर सही करण्याआधी करावी.