वाढत्या मुलाची खोली

पांढुर्णा आणि सौंसर हे संत्र्यांचे तालुके. २०२३ साली ते छिंदवाड्यापासून वेगळे होऊन त्यांचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. येथील एखाद्या घरात मुलाला आठ फुटी खोली लाभली, की आईबाप ती पलंग-कपाटांनी भरतात. मुलाला हातपाय पसरण्यास जागा उरत नाही. वस्तुतः शाळकरी मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढते, पलंग वाढत नाही. म्हणून अंथरूण जमिनीवर घालून सकाळी गुंडाळावे. संत्र्यांची जुनी लाकडी खोकी घासून, भिंतीला पक्की जखडली, की पुस्तकांची मांडणी होते. लिहिण्याची फळी मांडी घालून बसलेल्या मुलाच्या कोपराइतकी उंच असावी व दरवर्षी वर सरकवावी. भिंती सामानाला द्याव्यात. जमीन मुलाचीच राहू द्यावी.